मुकादमांची धाव

साबणाच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळणाऱ्या मावशी अकरा वर्षांत एकदाही वेळेआधी घरी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र समोरच्या रस्त्यावर शूटिंग लागलं. कामावरून पळालेल्या कामगारांचा विनोदी मूकपट होता. मावशींना काही राहवेना. मुकादमांचा डोळा लागलेला पाहून त्या मागच्या दाराने सटकल्या, त्या वळसा घालून थेट कॅमेऱ्यासमोरच उगवल्या.

दिग्दर्शकाला वाटलं, ही आपलीच नटी. "ताई, थांबू नका, पळा."

सांगायची गरजच नव्हती, कारण मागून जागे झालेले मुकादम येत होते. पळताना मावशींच्या एप्रनच्या खिशातून साबणाची वडी पडली. तिच्यावरून मुकादम घसरले, ते कोबीच्या हातगाडीत जाऊन बसले आणि गाडीसकट उतारावरून निघाले. "नोकरीवरून काढून टाकीन," असं ते बेंबीच्या देठापासून ओरडत होते, पण मूकपट असल्यामुळे कुणाचीच हरकत नव्हती. शेवटी गाडी भिंतीला थडकली आणि सगळ्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक तर मुकादमांच्या गळ्यातच पडला.

आता आपली नोकरी गेलीच, या धास्तीने मावशी दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधीच माफी मागायला हजर झाल्या. मुकादमांची खुर्ची रिकामी होती. टेबलावर मावशींच्या नावाची चिठ्ठी होती.



"मावशी, शूटिंगला जातोय. मालकांनी विचारलं, तर मुकादमांना ताप आहे म्हणून सांगा."