टोपीखालचा माणूस

"टोपी जरा वर घेता येईल का? चेहरा दिसला तर बरं," अंतरा कॅमेऱ्याआडून म्हणाली.

नीलिमावहिनींनी हातातलं प्रिंटआउट पुन्हा पाहिलं. साठच्या दशकातला अमेरिकन फोटो. काचेचं बैठं घर, निळाशार पूल, डोक्याला स्कार्फ बांधून पहुडलेल्या बायका आणि कडेला आरामखुर्चीत तोंडावर टोपी टाकून झोपलेला पुरुष. हुबेहूब तसाच फोटो त्यांना हॉलमध्ये लावायचा होता. जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्यांच्या बिल्डिंगच्या पूलवर मैत्रिणी केव्हाच्या नटूनथटून बसल्या होत्या. झोपलेला पुरुष तेवढा आयता मिळाला होता.

"आमचे हे," वहिनी हसल्या. "खुर्ची दिसली की खलास!" आणि त्यांनी टोपी उचलली.

काळीकुळकुळीत रंगवलेली मिशी. ही मिशी अंतराने ऑफिसच्या पार्टीत पाहिली होती. वसंतराव. तिच्या नवऱ्याचे, सत्यजितचे मॅनेजर.

मंदीत त्यांनी सत्यजितला काढलं होतं. नशिबाने दुसरीकडे काम मिळालं, पण वसंतरावांच्या सहीच्या ना-हरकत पत्राशिवाय ते धरता येत नव्हतं आणि गुरुवारी व्हिसा संपत होता. वसंतराव मात्र म्हणे मायदेशी, पुण्यात, ऑपरेशन होऊन हॉस्पिटलात. परवाच फोनवर कण्हत म्हणाले होते, "सही कशी करू रे बाळा? हातच उचलवत नाही." कंपनीचा अरब मालक तर ऐकूनच घेईना. "वसंत आजारी आहे, हबीबी. तो खोटं बोलणारा माणूस नाही."

आणि अंतरा रोज सकाळी देवापाशी दिवा लावून या माणसासाठी महामृत्युंजय म्हणत होती.

तिने कॅमेरा खाली घेतला. पाण्यापासून लांब उभ्या केलेल्या स्ट्रोलरपाशी जाऊन ब्रेक पुन्हा तपासला. "मम्मा, गो होम?" ईशानी कंटाळून म्हणाली.

"दोन मिनिटं, राणी." ती परत आली तेव्हा आवाज अगदी गोड होता. "वहिनी, आजचा पेपर आहे का? यांच्या पोटावर उघडा ठेवू या."

"मूळ फोटोत टॉवेल आहे ना गं?"

"पेपरने फोटो जास्त जुन्या काळातला वाटेल."

"हो गं! यल्ला, चला, आणा कुणीतरी."

पेपर आला. अंतराने तो स्वतःच्या हाताने वसंतरावांच्या पोटावर पसरला. पहिलं पान वर. आधी तारखेवर फोकस केला, मग मिशीवर. बायकांना तिने मान कशी वळवायची, गॉगल किती खाली घ्यायचा ते नीट समजावलं. घाई केली नाही.

"मोठा प्रिंट काढ हं," वहिनी म्हणाल्या. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे."

"दिसेल."

क्लिक झालं तसे वसंतराव दचकून जागे झाले. त्यांनी डोळे चोळले, समोर पाहिलं, आणि पेपर घसरू नये म्हणून उगीचच दोन्ही हातांनी धरला.

"तू... तू सत्यजितची..."

"हो काका," अंतरा म्हणाली. "हात उचलले की तुम्ही! असेच राहू द्या. एक अजून काढते."