घरपट्टीची पावती

"घरपट्टीची पावती आहे?" महापालिकेच्या सुनावणीत अध्यक्षांनी मान वर न करताच विचारलं.

मावशी बोलता बोलता थांबल्या. 'आमच्या गल्लीतला दवाखाना हलवला तर अडलेल्या बाईनं जायचं कुठं,' इतकंच त्यांचं बोलून झालं होतं. तीस वर्षं त्या गल्लीत राहत होत्या, पण भाड्याच्या खोलीत. पावती घरमालकाच्या नावाची.

"मग खाली बसा. नियम चौदा. सुनावणीत बोलायचा हक्क घरपट्टी भरणाऱ्यालाच."

मागच्या रांगेत बसलेल्या, त्याच गल्लीतल्या वकीलबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी कोर्ट आणि दुपारनंतर वडिलांनी मागे ठेवलेली लाँड्री, असा तिचा दिवस. ती शाळेत जायची तेव्हापासून मावशी त्या लाँड्रीत इस्त्री करत होत्या. गल्लीने तिला दोनदा निवडणुकीला उभं राहायचा आग्रह केला होता. "दोन दगडांवर दोन पाय आहेत, तिसरा पाय कुठून आणू?" म्हणून तिने तो हसण्यावारी नेला होता. आज मात्र तिला हसू येईना.

ती ताडकन उठली. "लाँड्रीची पावती माझ्या नावावर आहे. माझी वेळ मी मावशींना देते."

"वेळ अशी देता येत नाही. तुम्ही बोला ना."

"मी काय बोलू? त्या दवाखान्याची पायरी मी कधी चढले नाही! ज्यांच्याकडे पावती आहे ते तिथे जात नाहीत, आणि जे जातात त्यांचं तोंड तुम्ही बंद करता. कुठल्या शहाण्याने हा नियम केलाय?"

"फाइल तळमजल्यावर आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

ती तरातरा जिना उतरली. निवृत्तीला टेकलेल्या कारकुनाने फाइल झटकून पुढे ठेवली. तिने उभ्या उभ्याच वाचलं. एक कंत्राटदार ट्रकभर भाडोत्री माणसं आणून सुनावण्या उधळत होता, म्हणून अठरा वर्षांपूर्वी हा नियम आला होता. भाषा नेटकी होती, कुठे बोट शिरायला फट नव्हती. असली भाषा वकिलाचीच. तिने शेवटचं पान उलटलं, खालची सही पाहिली आणि फाइल हळूच मिटली.

"हा बदलायचा कसा?" तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"सभागृहात ठराव आणून. तो नगरसेवकालाच आणता येतो."

"निवडणुकीचा अर्ज भरायची शेवटची तारीख?"

"उद्या," कारकून म्हणाला आणि त्याने फाइल उचलून जागेवर ठेवली.

संध्याकाळी अर्ज इस्त्रीच्या टेबलावर होता. वर भिंतीवर वडिलांच्या हातची पाटी होती: 'ज्याच्या हातून कपडा करपेल, त्यानेच तो गिऱ्हाइकाच्या घरी न्यावा.' हा नियम मालकालाही लागू होता. एकदा वडील स्वतः, ऐन लग्नाच्या सकाळी, नवरदेवाचा करपलेला कोट घेऊन गेले होते आणि मान खाली घालून शिव्या खाऊन आले होते.

"सूचक म्हणून तुमची सही हवी, मावशी."

"माझी? त्याला पावती नाही लागत?"

"नाही. मतदारयादीत नाव असलं की झालं."

मावशींनी इस्त्री उभी केली, हात पदराला पुसले आणि पेन घेतलं. मग एकदम त्यांचा बांध फुटला. "तीस वर्षं या शहराचे कपडे सरळ केले मी, आणि मलाच म्हणतो, खाली बस! ज्याने हा नियम लिहिला ना पोरी, त्या मेल्याला एकदा माझ्यासमोर उभा कर. मग कितीही सह्या माग, देते."

वकीलबाईला गप्प बसता आलं असतं. सही होईपर्यंत तरी.

"मी लिहिला, मावशी," ती म्हणाली. "वकिली नवी होती. महापालिकेने पहिलंच काम दिलं होतं. लिहून दिला आणि विसरूनही गेले. ट्रकमधून उतरणारी माणसं तेवढी मला दिसत होती. तुम्ही दिसलाच नाहीत. रोज याच टेबलाशी उभ्या होतात, तरी."

मावशींचे डोळे भरून आले, पण रागाने. मग त्यांनी अर्ज पुढे ओढला, एकेक अक्षर जोडत सही केली आणि स्टुलावर चढून भिंतीवरची पाटी काढून तिच्या हातात दिली.

"पहिलं दार माझं," मावशी म्हणाल्या. "मग गल्लीतलं एकेक. करपवलंस ते आधी सांगायचं. मत त्यानंतर मागायचं."