कडूबांचं खोकं

"आलं का गं?" वच्छलाबाईंनी दारातच विचारलं.

"नाय, माय." मंजुळानं चपला काढल्या आणि मोरीवर जाऊन हात धुतले.

"बोट तर येऊन गेली असंल की."

"बोट येते. खोकं मधल्यामधी गायब होतं."

"हात झडू दे मेल्यांचे! कुणाचं बी खातेत."

कडूबा नऊ वर्षांपासून अंदमानातल्या एका लहान बेटाच्या धक्क्यावर माल चढवायला-उतरवायला होते. गेल्या सव्वा वर्षापासून दर महिन्याला ते बायकोसाठी सुक्या मासळीचं खोकं पाठवत. लहान बोटीनं पोर्ट ब्लेअर, तिथून जहाजानं मद्रास, पुढं मजल दरमजल औरंगाबाद, छावणीतलं गोदाम. पहिली दोन-तीन खोकी आली तेव्हा गल्ली नाकाला पदर लावून उभी राहिली. मंजुळा शिकवायची त्या शाळेत मुली तिच्या साडीचा वास घेऊन हसल्या. त्यानंतर वर्षभर एकही खोकं घरी पोचलं नव्हतं.

"मासळी जाऊ दे चुलीत," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्यांचा हात लागलेला असतो."

चौथ्या दिवशी पत्र आलं. कडूबांचा सोबती बद्रीनाथ यानं लिहिलेलं. मंजुळानं मोठ्यानं वाचलं. माल उतरवताना दोर तुटला, कडूबा जागीच गेले. बेटावर तारेची सोय नाही, म्हणून तिथंच अग्नी दिला. अस्थी डब्यात घालून नेहमीच्या खोक्यात ठेवल्या. बोटीवरचे लोक अस्थी न्यायला तयार होत नाहीत, म्हणून...

मंजुळा थांबली.

"वाच की."

"म्हणून वरून मासळी भरली. पत्राच्या आधी पोचेल."

वच्छलाबाई रडल्या नाहीत. "पैठणला गंगेत सोडल्या म्हंजे सुटतील ते," एवढंच म्हणाल्या.

बातमी कळल्यापासूनचा दहावा आला. खोकं नाही. शेंद्र्याहून दीर नानासाहेब आले होते. ते अंगणात जाऊन थुंकले.

"थू! मासळी म्हणून उकललं असंल हरामखोरांनी. अन् खाली माझा भाऊ!"

"कुण्या उकिरड्यावर पडले असतील, भाऊजी," वच्छलाबाईंनी ताट सरकवलं. "घास उतरंना मला."

"असल्यांना मानूस म्हणावं का? कुत्रं बी वास घेऊन सोडून देतं." नानासाहेबांनी रुमाल बांधला. "छावणीत जातो. गोदामाच्या मुन्शीची गचांडीच धरतो."

"काका, बसा."

"लई पुस्तकं वाचली तू, मास्तरीणबाई. आता शिकवू नको. चोराला चोराच्या भाषेत..."

"बसा म्हणते ना."

नानासाहेब बसले. मंजुळा आईकडे वळली.

"कुणी चोरलं नाही, माय. खोकं दर महिन्याला येत होतं. घरात वास नको म्हणून मी हमालाकडून गोदामामागच्या नाल्यात टाकवून घ्यायची. हेही टाकलं. न उघडता."