काचेला बोट

तीन महिने पिंपरीतली दुकानं पालथी घालून रोहिदासनं एकदाचा डिजिटल कॅमेरा घेतला. दुकानदारालासुद्धा त्यानं काचेला बोट लावू दिलं नव्हतं. पण मोशी गावातल्या त्याच्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची सोय नव्हती, आणि पूजा करणार त्याची आई, शालनबाई. गेल्या वर्षी नव्या टीव्हीच्या पडद्यावर तिनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. ते अजून बातम्या देणाऱ्या बाईच्या गालावर दिसतं.

कॅमेरा पाटावर ठेवून रोहिदास राखणीलाच बसला. "आई, कुंकू फकस्त पट्ट्याला. काचेला बोट न्हाई लावायचं."

"मला काय येडी समजतोस व्हय," म्हणत शालनबाईनं पट्ट्याला कुंकवाचं एक बोट टेकवलं. काचेकडं बघितलंसुद्धा नाही. रोहिदासचा जीव भांड्यात पडला. त्यानं स्वतः नारळ फोडून तिच्या हातात दिला आणि पाया पडायला वाकला.

 

तेवढ्यात शालनबाईनं, मागं नव्या ट्रॅक्टरच्या पूजेला ओतलं होतं तसंच, नारळाचं सगळं पाणी मायेनं कॅमेऱ्यावर ओतलं. बोट मात्र काचेला कुठं लागू दिलं नाही.