लाल ओळी

वेबसाइटची चाचणी घेताना काळ्या स्क्रीनवर सरसर धावणाऱ्या निकालाच्या ओळी वाचून तिचे डोळे शिणायचे. म्हणून त्या दुपारी तिने एक छोटा प्रोग्राम लिहून त्यांना रंग दिले. बरोबर असेल ती ओळ हिरवी, चूक असेल ती लाल.

नवरा मागे चहा घेत उभा होता. दोघं मिळून वेबसाइट बनवायचे.

"उद्या जरा दादाकडे जाऊन येतो," तो म्हणाला.

स्क्रीनवर लाल ओळ उमटली: उद्या जरा दादाकडे जाऊन येतो.

तिने प्रोग्राम पुन्हा तपासला. असं काही तिने लिहिलंच नव्हतं. माइकही जोडलेला नव्हता.

मागे न वळता तिने विचारलं, "माझ्यापासून काही लपवत नाहीस ना?"

त्याने तोंड उघडण्याआधीच ओळ आली, लालभडक: वेडी आहेस का, तुझ्याशिवाय माझं आहे कोण?

मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने तेच शब्द उच्चारले.