उलटटपाली

पेणकरपाड्याच्या वाचनालयातून सभासदांना आपोआप जाणारे ‘पुस्तक परत करा’चे मेल पंधरा दिवस कुणालाच पोचले नव्हते. प्रोग्राम नीरजनेच हौसेने करून दिलेला, त्यामुळे रविवारी कॉम्प्युटरपुढे मान मोडून तोच बसला होता. अखेर चोर सापडला. वाचनालयाचं मेलचं खातं काठोकाठ भरलं होतं, म्हणून नवं काही बाहेरच पडत नव्हतं.

आणि ते भरलं होतं महिपत गुरव या एकाच सभासदाच्या उत्तरांनी. ‘आपलं पत्र मिळालं. शेवटचं प्रकरण राहिलंय, बुधवारी येतो. सोबत नातीच्या बारशाचा फोटो, जावयाच्या डिजिटल कॅमेऱ्यातला.’ ‘आपलं पत्र मिळालं. सान्वीला पहिला दात आला. सोबत चार फोटो.’

“नीलिमाताई, हे गृहस्थ मशीनला पत्रं लिहितायत!” नीरज ग्रंथपालबाईंना म्हणाला आणि हसत सुटला. पण फोटो पुसवेनात. ते पेनड्राइव्हवर उतरवूनच त्याने खातं रिकामं केलं.

तेवढ्यात दाराशी चपला काढून एक म्हातारे गृहस्थ आत आले. हातात कागदाची पुडी.

“मी गुरव. ते पत्र पाठवणारे कोण हो? पंधरा दिवस पत्र नाही, म्हटलं आजारी पडले की काय. गावचं कुळथाचं पीठ आणलंय. गरम पिठी करून प्या म्हणावं.”

नीलिमाताई खरं काय ते सांगणार, तोच नीरज उठून उभा राहिला.

“मीच तो, काका. जरा पडून होतो, आता बरा आहे. सान्वीचे दात किती झाले?”