अक्कांची विहीर

माझं स्वतःचं घर नाही. बंगळुरातले लोक गावाला गेले की त्यांची घरं मी राखते. झाडांना पाणी, मांजराला दूध, आणि मालक परतले की बॅग उचलून पुढच्या घरी. दरवर्षी ऊन वाढतंय, बोअर आटतायत. टँकरला कंटाळलेली माणसं एप्रिल लागला की पळतात, म्हणून उन्हाळा हीच माझी सुगी.

गेल्या उन्हाळ्यात मल्लेश्वरमला भाग्यलक्ष्मीअक्कांचं घर सांभाळत होते. परसातली विहीर कोरडीठाक. एका संध्याकाळी वळीव कोसळला आणि गच्चीवरचं सगळं पाणी पाइपातून सरळ गटारात! मला राहवेना. अक्कांना फोनवर विचारून दुसऱ्याच दिवशी तो पाइप गाळणी लावून विहिरीत सोडला.

यंदा एप्रिलमध्ये अक्कांचा फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता. "शलाका, विहिरीला पाणी आहे गं! आत्ताच कळशी भरून काढली. स्वल्प गढूळ आहे, पण आहे! यंदा आम्ही बेळगावला जातच नाही."

जे. पी. नगरात तेव्हा राखत होते त्या परक्या घराच्या स्वयंपाकघरात मी गरकन गिरकी घेतली. मांजर घाबरून टेबलाखाली पळालं.

पलीकडून अक्का हळूच म्हणाल्या, "अय्यो, मग यंदा तू राहणार कुठे?"

"ते सोडा हो अक्का! आधी सांगा, तुमच्या गल्लीत अजून कोरडी विहीर कुणाकडे आहे? आणि ते गावाला कधी जातायत?"